रकाना अकरा

प्रणोती मढवी आली ती जुन्या नकाशासाठी.
घणसोलीच्या खाडीकडची खारजमीन, सन चौऱ्याहत्तर,
मोजणी करणारा : मी.
सही ओळखली. हात आता तेवढा सरळ चालत नाही.

टॉवेलात गुंडाळलेलं तिनं अलगद सोडलं
आणि माझ्या गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवलं :
वीतभर खापर, खाली गाजरासारखं निमुळतं,
आतून काळं.
उभं राहीना. कलंडत होतं.

"याला बूडच नसतं, काका.
जहाजाच्या पोटात वाळूत रोवायचे, एकमेकांना टेकवून.
आतला लेप डामराचा. आम्ही तपासून घेतला.
इराणातला निघाला,
डोंगराच्या पायथ्याशी तो आपसूक झिरपतो, तिथला.
दीड हजार वर्षं तरी झाली असतील."
शिवाय द्राक्षाचा अंश, अगदी पुसट.
त्यावरून दोन प्राध्यापकांत अबोला आहे
हे तिनं घरातलं सांगावं तसं सांगितलं.

मी चष्मा पुसला.
हे खापर माझ्या ओळखीचं होतं.

त्या वर्षी साखळी चिखलात रुतायची,
तिवरांच्या मुळांत निवटे टणाटण उडायचे,
ओहोटीच्या दोन तासांत बांध मोजून मोकळं व्हायचं.
धाकलीबाई बांधावर उकिडवी बसून
चिंबोऱ्यांची भोकं बुजवत होती.
टोपलीत असलीच टोकं, दहा-बारा.
टोक भोकात, वर टाच, एक दाब. पाणी बंद.
विचारलं तर म्हणाली,
"बूच हाय सायेब. नांगर फिरला का खालून वर येतान.
देवानं चिंबोरीच्या मापाची केलीत."

मी हसलो असेन. भरती चढत होती.
फॉर्मात रकाना अकरा होता :
पुरातन वास्तू, शिलालेख, अवशेष.
लिहिलं, निरंक.
पुढच्या रिकाम्या जागेवर फुली मारली,
मागाहून कोणी काही भरू नये म्हणून.
साहेबांनी शाबासकी दिली. वेळेत झालं होतं.

मग भराव आला. डंपर, डंपर, डंपर.
बांधाला सेक्टर नंबर मिळाला.

"आणि हे बघा," प्रणोतीनं खापर फिरवलं.
बाहेरच्या अंगाला, बोटभर उंचीची,
अणकुचीदार काहीतरी घेऊन ओढलेली
फुली.
"उभी धरली तर ब्राह्मीतला क.
तिरपी धरली तर ग्रीकांचं अक्षर.
कुठून वाचायचं तेच ठरत नाही."
शनिवारी ती ठाण्याला ग्रीक शिकते. वर्गात चौघंच.
आई विचारते, नोकरी कुठं मिळणार यात?

मी म्हटलं, फुली म्हणजे फुली. मोजून झालं, पुढे चला.
तिनं वही काढून ते लिहून घेतलं.
अगं, थट्टेनं बोललो.
"असू द्या. मोजणारा माणूस आमच्यात कोणी नाही."

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर
पाया खणताना तिच्या वडिलांना हे मिळालं.
ठेकेदार म्हणाला, टाका काँक्रीटमध्ये, खडीच आहे.
वडिलांनी खिशात घातलं. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.
आता तिला त्या बांधाची रेषा हवी होती.

मी नकाशावर बोट ठेवलं, सरकवत नेलं
उघाडीपासून मिठागराच्या कोपऱ्यापर्यंत.
त्याखाली आज शाळेचं मैदान आहे, बस डेपो,
आणि एक पेट्रोल पंप.
धाकलीबाईची बुचं सांगितली.
ती कितीतरी वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "मापाची," आणि पुन्हा, "मापाची."

रकाना अकराचं सांगितलं नाही.
तिच्या हातात त्याची झेरॉक्स होतीच.

ती गेल्यावर टेबलावर
चिमूटभर काळी भुकटी राहिली.
मंदाकिनी फडकं घेऊन आली.
मी म्हटलं, थांब.
किती वेळ, असं तिनं विचारलं.