अलामोथ

मंगळवारच्या अभ्यासाला आम्ही नऊजणी
आणि अमोस पाळक, नुकताच शिकून मिरजेला आलेला,
माझ्या धाकट्या भाच्याएवढा.
फळ्यावर त्यानं उजवीकडून डावीकडे
चार अक्षरं काढली. चौथ्याला खडू मोडला.
"अल्मा," म्हणाला. "आपण वाचतो कुमारी.
मुळात इतकंच: वयात आलेली मुलगी."

लोंढेबाईंनी शास्त्र मिटलं.
चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, परत काढला.
"मग नाताळात आम्ही वाचायचं तरी काय?"
पाळकाचे कान लाल.

मी गप्प.
छत्तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीशी
केसपेपर भरले मी.
कु. / सौ. / श्रीमती. नको ते खोडा.
जतकडची एक आली होती, सोळाची असेल,
उन्हाळ्यात पोटाशी घोंगडी धरून.
आई म्हणाली, कु. लिहा.
मग इकडंतिकडं बघून म्हणाली, सौ. लिहा.
पोर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.
मी काहीच खोडलं नाही,
तिन्ही राहू दिली तिच्या नावाआधी,
आणि मेट्रनची बोलणी खाल्ली.

आपल्याकडं काय शब्दांची वाण आहे?
कुवार, उपवर, घोडनवरी.
आत्या म्हणायची, शहाणी झाली.
त्या डागात शहाणपण कुठून आलं, विचारलं मी,
तर पाठीत धपका.
कुठलाही शब्द घ्या,
त्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी पाय पसरून बसलेलं:
कुणाची? झालं का? कधी व्हायचं?

अमोसनं पानं उलटली. फार ठिकाणी नाही हा शब्द, म्हणाला.
घागर घेऊन पाण्याला आलेली एक.
डफ वाजवत मिरवणुकीत चाललेल्या काही.
आणि नदीकाठच्या लव्हाळ्यात
तान्ह्या भावाची पेटी राखत उभी असलेली ती.
राजाची लेक तिला म्हणते, जा,
आणि अल्मा जाते,
सख्ख्या आईलाच दूधआई म्हणून बोलावून आणते, पगारावर.
मला हसू आलं. काय डोकं पोरीचं!
तिथं तिला कुणी विचारलं नाही, कु. का सौ.

एका स्तोत्राच्या माथ्यावर
हाच शब्द अनेकवचनात, तसाच ठेवलाय: अलामोथ.
भाषांतर करणाऱ्यांनी हात टेकले.
पट्टी असावी, पाळक म्हणाला, मुलींच्या गळ्याची,
नक्की कुणालाच ठाऊक नाही.

सुटल्यावर लोंढेबाई माझ्याबरोबर चालत निघाल्या.
तंतुवाद्यांच्या गल्लीत भोपळे वाळत टांगलेले,
लाखेचा वास.
यासीनभाईंच्या दुकानी त्यांची नात नौशाद
घोडीवर कानस चालवत होती,
भुवयांवर पांढरी भुकटी.
मी विचारलं, हा जनानी ना? लहान दिसतोय.
"जनानी. पण गिऱ्हाईक एक भजनी बुवा आहेत,
बारीक आवाजाचे," ती म्हणाली.
"आम्ही पट्टी विचारतो, बाई. बाकीचं काय करायचंय?"

तारेखाली तिनं सुताचा धागा सरकवला,
केसभर पुढं, केसभर मागं.
तार आधी ठोकळ्यासारखी वाजली. मग मधमाश्यांसारखी.
मग एकाएकी दुकान भरून गेलं.

लोंढेबाई पायरीवर टेकल्या.
त्र्याहत्तर वर्षांची बाई, तीन सुना, मंडळीत वचक.
"सतरा चालू होतं गं मला," म्हणाल्या,
"जानेवारीत लग्न, आणि जूनपर्यंत मी नुसतीच रडले.
तेव्हा मी कोण होते?
तुझ्या त्या पाळकाला विचारशील?
नको. राहू दे."

नौशाद दुसऱ्या तारेकडं वळली होती.
आम्हाला रिक्षा मिळेना.
बाई तशाच बसून राहिल्या,
चष्मा हातात,
धागा कुठं थांबतोय ते बघत.