मानस

सकाळी साडेनऊला संगणक उघडला
तर दोनशे चौदा न वाचलेले.
काल संध्याकाळी शून्यावर आणून गेले होते,
देवाशपथ.

साहेब मेल पाठवतात.
मग ग्रुपवर विचारतात, मेल पाहिला का.
मग गुरुदास शिपाई दारात येतो, संकोचून:
"साहेब विचारतायत, ग्रुप पाहिला का."
परिपत्रक. त्याचं शुद्धिपत्रक.
शुद्धिपत्रकातून राहून गेलेलं परिशिष्ट ब.
आणि 'सर्वांना उत्तर' दाबून
एकोणतीस जणांनी लिहिलेलं 'नोंद घेतली'.
मीही लिहिलं. तिसावी.

खिडकीबाहेर मांडवी.
माझ्या खणात भरती-ओहोटीचं कोष्टक:
वर्षभराचं पाणी, मिनिटामिनिटाचं,
एका पातळ पुस्तकात मावलेलं.

रायबंदरहून फेरी. पलीकडे चोडण.
खाजनाच्या बांधावर, मानशीपाशी,
सांतान जाळं शिवत बसला होता.
दारांचं लाकूड काळं, शिंपल्यांनी खरबरीत.
विचारलं, कधी लावायची ते कळतं कसं रे?
रात्रीचा उठतोस?
तो हसला. "मी कुठे लावतो, बाय?
भरतीचं उदकच येतं नि दार लोटून घेतं.
जितकं जोरात येतं, तितकं घट्ट."

घट्ट.
पेडव्यांच्या पिशवीबरोबर हाही शब्द घरी नेला.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत काही उघडलं नाही.
एका बुडालेल्या होडीच्या भरपाईची फाईल घेतली,
सतरा पानं सलग वाचली.
सतराव्यावर बेरजेची चूक,
नऊ वर्षं तिथेच बसून.
फोन खणात थरथरत होता, पेन्सिली वाजवत.
गुरुदास दोनदा दारापर्यंत आला, मागे फिरला.

अकराला ओहोटी. जाळं लावलं.
बहुतेक सगळं वाहून गेलं,
कोणी बुडालं नाही.
अडकला एकच:
मार्चमध्ये निवृत्त झालेल्या प्रभुगावकर बाईंचा,
जावक विभागाच्या. विषयाची जागा कोरी.
"मागे दोनदा लिहिलं, मिळालं नसेल.
तुझी निळी छत्री माझ्याकडे राहिलीय.
येऊन ने. दुपारी मी असतेच."

खाली जाऊन शोधलं. दोन्ही होते.
वाचलेले.
मीच वाचलेले.

उत्तराच्या चौकटीत
संगणकाने आपणहून सुचवलं: 'नोंद घेतली.'

निळी?
मला तर काळी आठवत होती.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली.
बाहेर लख्ख ऊन.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
छत्री.