गाडी डावीकडे ओढते

कळीला हात नाही लावला,
तरी गेममधली गाडी डावीकडे जाते, कठड्याला घासत.
गोवर्धन म्हणाला, फॉरमॅट मार.

बाबा दारात. बनियनवर सुताची कस्पटं.
साखर पेठेत बारा मागांचे जॉबर.
‘आधी माग थांबव.
चालत्या मागात हात घातलेल्या नरसय्याची बोटं
मी मोजलीत. आठ.’

गेम बंद केला.
सेटिंगच्या फाइलची प्रत काढून बाजूला ठेवली,
नाव दिलं: जुनं असू दे.
मग एकेक वायर.
माउस काढला, गेम लावून पाहिला. डावीकडेच.
पुन्हा बंद. माउस परत जागेवर.

टेबलामागे, जळमटांत, तिसरी वायर:
मल्लेशअण्णाची जॉयस्टिक,
दांडा एका अंगाला कललेला,
तो भिवंडीला गेला तेव्हापासून
जोडलेलीच.

वीस वर्षांचा गेम,
दोघांचंही ऐकत होता बिचारा.

वायर काढली. गाडी सरळ.
बाहेर मागांची खडखड, एकसारखी.

बाबांनी दांड्यावरची धूळ पुसली,
टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून
फळीवर ठेवली.
‘तो आला की लाव,’ म्हणाले,
‘पण आधी बंद करून.’