मुक्काम प्रकाशा

ठिबकच्या नळ्यांचं काम मंगळवारी संपलं.
विमान रविवारी.
मधले चार दिवस कंपनीच्या कागदावर
कुठेच नव्हते.

अजिंठा बघायचं का, मी विचारलं. इसोबे नको म्हणाले,
जिथे माणसं आंघोळीला येतात तिथे जाऊ.
म्हणून जळगावहून शहाद्याची एसटी, रस्त्याच्या दोन्ही अंगांना
थंडीला भिऊन जुनी लुगडी पांघरलेल्या पपया,
आणि मग प्रकाशा, तापीला गोमाई मिळते ते.

धर्मशाळेच्या दोन खोल्या दगाजी गुरवांनी उघडल्या.
माझ्या कोनाड्यात कुणाचा तरी विसरलेला कंगवा.
"कितला दिन?"
मी चार बोटं दाखवली.
अस्थी सोडून, डोकं करून
दुपारच्या गाडीने परतणाऱ्यांचं हे गाव.
दगाजींनी आवाज उतरवून विचारलं, कोण गेलं?
कोणी नाही.
"मंग घाई कसानी?"

मग आम्ही घाई केली नाही.
केदारेश्वराच्या ओट्यावर ऊन येईपर्यंत बसलो,
ऊन आलं म्हणून बसलो,
गेलं तर आता उठायचं कशाला.
बॅरेजने अडवलेलं पाणी पायऱ्यांशी
ताटातल्या वरणासारखं साय धरून.
इसोबे पायऱ्या मोजत. रोज निराळा आकडा.
त्यांच्या गावी समुद्र दिवसातून दोनदा देवाच्या पायऱ्या झाकतो.
पाण्यात एक लाकडी कमान उभी आहे,
तिला दार नाही, भिंत नाही,
ओहोटीला पोरं तिच्याखालून पलीकडे जातात
आणि पलीकडेही चिखलच असतो.
हे मी मराठीत सांगितलं. दगाजी म्हणाले,
आमचा नंदी आहे ना तसा,
पाणी अडवलं तेव्हापासून बुडालेला.
शिंगं तेवढी दिसतात, तीही
बगळा बसला नसला तर.

दुसऱ्या दिवशी पहाटे इसोबे त्या शिंगांसमोर उभे,
दोनदा टाळ्या, मग कमरेतून वाकून नमस्कार.
बगळा उडाला.
संध्याकाळी कळण्याची भाकर, शेवभाजी.
त्यांचे कान लाल झाले, त्यांनी आणखी वाढून घेतली.

तिसऱ्या दिवशी दोंडाईचाकडून एक टेम्पो भरून माणसं आली,
कुणाच्या तरी दहाव्याला.
त्यांनी पाण्यात नाणी टाकली
आणि निंबाबाई भोईंचा नातू, भुऱ्या,
त्यांच्यामागे बुडाला.
फार वेळ काहीच नाही.
मग डोकं, मग ओठ आवळून सोडलेला श्वास,
अर्धी शीळ, अर्धं कण्हणं.

इसोबे होते तिथेच बसले, ओल्या पायरीवर,
इस्त्रीच्या पँटसकट.

आई, म्हणाले. अडुसष्टाव्या वर्षापर्यंत
शिंपल्यांसाठी बुडायची. मी काठावर.
वीस बायका वर यायच्या, वीस शिळा,
त्यातली तिची कुठली ते कळायचं.
त्यांच्या भाषेत त्या श्वासाला शब्द आहे, समुद्राची शीळ असा काहीतरी.
मी मराठीत शोधला. उसासा नव्हे. सुस्कारा नव्हे.
वीस वर्षं दुभाषी आहे मी,
आणि निंबाबाईंना विचारावं लागलं.
"हाऊ? हाऊ तं दम से, बाई. दम."
दामु, इसोबे म्हणाले. दामु.
गोळीसारखा शब्द या गालातून त्या गालात.

मग खिशातून एक नाणं काढून त्यांनी पाण्यात टाकलं.
भुऱ्या घेऊन आला. नाण्याला मधोमध भोक.
हे दुकानात चालणार नाही, तो रुसला.
निंबाबाईंनी ते उन्हात धरलं, भोकातून नदी पाहिली.
"भोकना पैसा! मना बापनी येळले व्हता."
आणि पोराच्या करदोट्यात ओवून टाकलं.

शनिवारी दरवाजे उघडले, पाणी उतरलं.
नंदी साधाच निघाला, चिखलाचा,
डाव्या शिंगाला गुटख्याची माळ.
इसोबेंनी ती काढली, आपल्या टूथब्रशने
त्याचे डोळे घासले.
दगाजी बघत होते. मग त्यांनी
इकडे तिकडे पाहून
हळूच दोनदा टाळी वाजवली.

खर्चाच्या फॉर्मवर रकाना होता: जादा मुक्कामाचं कारण.
मी कोरा ठेवला.
अकाउंटच्या चौधरींनी हिरव्या पेनाने भरलं,
अतिवृष्टी.
माघ महिना होता.
साहेबांनी सही केली.