लाइन गेल्यावर

रशीदभाईने दोन अँप्लिफायर आणले,
एक दारव्ह्याच्या डॉक्टरांचा, विकायला काढलेला,
एक स्वतःचा, स्वतःच्या हातानं बांधलेला.
मोटारसायकलवर गोधडीत गुंडाळून,
खड्डा आला की पाय टेकत,
जशी बाळंतीण माहेरी न्यावी.

ऐकायचं ठरलं कापसाच्या खोलीत.
तीन भिंतींना आढ्यापर्यंत कापूस.
इथं आवाज आपटून परत येत नाही,
आत शिरतो आणि सरकीपाशी जाऊन बसतो.
नागपूरच्या दुकानात म्हणे अशा खोलीला
लाखभर रुपये लागतात.
आमच्याकडं ती दरवर्षी उगवते
आणि भाव आला की विकून टाकतो.

घाई होती. अकरा वाजता शेताचा फेज येतो,
शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात
आणि घरातला बल्ब कांद्यासारखा पिवळा होतो.

आधी डॉक्टरांचा. चांदीच्या तोंडाचा,
बटण असं फिरतं की तिजोरी उघडावी.
अमरावतीच्या जुन्या बाजारातली सारंगीची तबकडी,
सुई टेकली.
रशीदभाई डोळे मिटून म्हणाला,
"पाह्य, तार दिसते. गज कुठं वळला तेही दिसते."
मग त्याचा. चार काचेचे दिवे,
पेटायला वेळ घेतात, माणसासारखे.
"इथं तार नाही दिसत, लाकूड दिसते.
कोणतं बरं?"

मी म्हटलं, हो, फरक आहे.

खरं म्हणजे मला तार ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होतो.
रेच्यांनी कानाचा वरचा मजला
कधी रिकामा केला कळलंच नाही.
आधी रातकिडे गेले,
मग सायकलची घंटी,
मग कुकरची शिट्टी, त्यावरून घरात भांडणं.
हे रशीदभाईला सांगितलेलं नाही.
तो वायरी बदलतो, पुन्हा लावतो,
मी मान हलवतो, कधी थोडी, कधी जास्त.

पंचफुला चहा घेऊन आली, दारातच थांबली.
"थे चांदीवाल्यात बाई न्हानीतून रडून राह्यली.
आन् ह्याच्यात चुलीपाशी बसून."
कप ठेवले, गेली.
रशीदभाई माझ्याकडं बघत राहिला.
वीस वर्षं तो जे शब्द शोधत होता
ते कपबशीसोबत आले होते.

पुन्हा चांदीचा लावला, आणि लाइन गेली.
टक् असा आवाज, आणि काहीच नाही.
"रिले आहे आत," अंधारातून रशीदभाई,
"स्पीकर वाचवते. शहाणं मशीन."
तबकडी मात्र फिरत होती, मुकी,
हात लावून पाहिलं.

लाइन आली. दिवेवाला लावला, तापू दिला.
सारंगी वर चढत गेली,
माझ्यासाठी जिथं नेहमी रान संपतं तिथं,
आणि मी उठून मेन स्विच पाडला.
"अबे बावा, मशीन मरन ना!"

पण ते गप्प झालं नाही.
दिव्यांत साठवलेलं होतं थोडं,
तबकडीत थोडा वेग उरला होता.
सूर पायरी पायरी खाली उतरू लागला,
जाड होत, जड होत,
आणि त्या उतरणीवर, दोन-तीन सेकंद,
वरच्या मजल्यावरचं काहीतरी
माझ्या कानाच्या उंचीला आलं.
बारीक, खरखरीत. तारेवर घासलेला गज.
तीच असावी.

मग कापूस. मग काळोख,
आणि काचेत विझत जाणारे चार लाल ठिपके.

रशीदभाई शिव्या देत टॉर्च शोधत होता.
डॉक्टर दीड लाख म्हणतात, तो म्हणाला,
तासलं तर सव्वा.
मी म्हटलं, ते राहू दे.
सोमवारी कापूस गाडीत भरायचा आहे,
मग ही खोली नुसती खोली होईल.
त्याच्याआधी एकदा, स्विच तूच पाड,
मी इथं बसतो.