थांबा नसलेली खिडकी

पाळणाघराच्या यादीत आमचा नंबर एकशे सत्तेचाळीस.
टेबलापलीकडची बाई म्हणाली,
नाव आधीच घालायचं असतं ना, पोटात असतानाच.
पोटात होता तेव्हा मी वूच शहरात
अकरा नंबरची ट्राम चालवत होते
आणि वाटत होतं, होईल सगळं ओघाने.

रजेचे बारा दिवस उरले.
एक मुलगी येऊन गेली. नखं सुंदर होती,
आणि तासाला ती जेवढे मागत होती
तेवढे मलाच मिळत नाहीत.
दुसरीच्या घरी चार मांजरं.
सासूबाईंना गुडघा बदलायचाय.
रादेक हॉलंडात, काचघरात टोमॅटो तोडतो,
रविवारी फोनला नाक लावून इग्नाशला हाका मारतो.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या तेओफिलाबाई
जिन्यातच म्हणाल्या, द्या इकडे.
एकतीस वर्षं कापडगिरणीत.
मागांनी दोन्ही कान खाल्लेले.
दाराची घंटा म्हणजे एक दिवा, दाबला की पेटतो.
मी विचारलं, उगाचच मोठ्याने,
बाई, तो रडला तर?
माझ्या ओठांकडे बघत म्हणाल्या,
धागा तुटलेला तरी कुठे ऐकू यायचा?
तळहाताला कळायचं.
आणि पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून दाखवला.

विश्वास वगैरे नंतर आला.
तेव्हा नुसता सोमवार आला होता.

पहाटे चारला काढलेलं दूध,
बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर वेळ.
आमचं घर ट्रामच्याच रस्त्यावर,
पण थांबा पुढे, बेकरीपाशी.
खिडकीखालून जाताना मला मिळतात सहा सेकंद.
निळा टॉवेल : झोपलाय.
पांढरा : दूध पिऊन झालं.
काहीच नाही, म्हणजे बाईंचा हात मोकळा नाही.
अशा दिवशी ट्राम वळवता येत नाही,
रूळ नेतील तिकडे जायचं,
कोटाच्या आत छाती ओली,
मागून कुणी आजोबा ओरडतात, दोन मिनिटं उशीर!

आज काचेवर बर्फ होता.
टॉवेल नव्हता. ती दोघंच उभी होती.
नियम नाही, तरी मी घंटा वाजवली,
एकदा, मग परत एकदा.

संध्याकाळी तेओफिलाबाई सांगत होत्या,
मला कुठलं ऐकू येतंय.
याची मान वळली, अशी, माझ्या हाताखाली.
म्हणून मीही खाली बघितलं.

मी हात पुढे केले.
तो त्यांच्या खांद्याची लोकर
मुठीत धरून माझ्याकडे बघत राहिला,
तिकीट तपासावं तसा.
आधी हात गरम करा, बाई म्हणाल्या.

मी कोट न काढता, त्यांच्या दारात,
दोन्ही हात काखेत घालून उभी आहे.