टॉवेल टाकणे

संध्याकाळी सात ते आठ
मी दत्तनगरात नऊ जणांना इंग्रजी शिकवते.
खोलीत पूर्वी बीम भरायचे. दोनदा चुना मारला,
तरी दमट हवेत भिंतीतून खळीचा वास येतोच.
शेजारी अजून चार माग चालतात,
आणि आम्ही त्यांच्या वर आवाज चढवून
रिपीट आफ्टर मी म्हणतो.

काल वाक्प्रचार होते.
स्पिन अ यार्न : सूत कातणे, म्हणजे थापा मारणे.
मल्लेशम वडनाल यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
'सूत कातणं म्हंजे खोटं बोलणं? कोण ठरिवलं हे, मॅडम?
कातल्याबिगर काय घातले त्यांनी अंगात?'
मी म्हटलं, आपणही सुतावरून स्वर्ग गाठतोच की.
'गाठतो,' ते म्हणाले. 'स्वर्ग तरी गाठतो.'

हँग बाय अ थ्रेड.
एका धाग्याला लोंबकळणे. जीव, नोकरी, सरकार, काहीही.
राजमणी हसली. ती दिवसभर टॉवेलांचे काठ शिवते,
डझनावर पैसे.
'धागा तुटला की मागच थांबतो, बाई.
लोंबकळत बसायला टाइम कुठाय?'
मी फळ्यावर लूज एंड्स लिहीपर्यंत
तिने माझ्या ओढणीच्या सुटलेल्या दशांना
गाठ मारून टाकली होती.
एवढी बारीक, की घरी जाऊन शोधली तर सापडली नाही.

मग आलं थ्रो इन द टॉवेल.
मी समजावलं : मुष्टियुद्ध चाललेलं असतं.
एक जण मार खात असतो.
त्याचा माणूस दोरीबाहेर उभा असतो,
त्याला बघवत नाही, तो टॉवेल आत फेकतो.
म्हणजे पुरे. आम्ही हरलो.

थोडा वेळ नुसते माग ऐकू आले.
या गावात टॉवेल फेकत नाहीत.
खांद्यावर घालतात, नारळ देतात, टोपी देतात,
व्याह्याला, निवृत्त होणाऱ्या शिपायाला,
निवडून आलेल्याला,
आणि पडलेल्यालाही, पुढच्या वेळी लागेल म्हणून.
हार गळ्यातली की गळ्याशी आलेली,
तेही आमच्यात शब्दावरून कळत नाही.

'मग तो टॉवेल उचलतो कोण?' राजमणीने विचारलं.
कुठला?
'फेकलेला. रक्त लागलं असंल की त्याला.'

वाक्यात उपयोग करा, म्हटलं मी.
आठ वह्यांत क्रिकेट होतं.
मल्लेशम वडनालांना वेळ लागला.
दिवाळीआधी त्यांचे दोन माग टेम्पोत चढले,
किलोच्या भावाने, हे मला शेजारून कळलं होतं.
त्यांनी लिहिलं होतं :
आय डिड नॉट थ्रो द टॉवेल.
आय मेड द टॉवेल.

इन राहिलं होतं. लाल पेन उघडून
मी बराच वेळ त्या जागेवर थांबले,
मग बरोबरची खूण केली, आणि मुलं जाताना
दिवा मालवायचं विसरले.

रात्री जाड शब्दकोश काढला.
टाकणाऱ्याबद्दल चार ओळी आहेत. उचलणाऱ्याबद्दल नाही.
उद्याच्या यादीत पहिला शब्द आहे एअरलूम.
ह लिहायचा, पण म्हणायचा नाही.
अर्थ : पिढ्यान् पिढ्या घरात चालत आलेली वस्तू.
त्यातला लूम त्यांना लगेच दिसेल.
राजमणी काय विचारेल, ते मला अजून सुचलेलं नाही.